नववी ‘ब’चा दरबार

डेमोचा विषय सोमवारी दुपारी कळला आणि डेमो शुक्रवारी होता. मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंनी तो स्टाफरूमच्या दारातूनच सांगितला.

“इंग्रजी व्याकरण. रिलेटिव्ह क्लॉज आणि नाउन क्लॉज ओळखणं. दोन्ही उमेदवारांना विषय तोच, वर्ग वेगळा. तुला नववी ब.”

“आणि पूजाला?” रेश्मानं विचारलं.

“नववी अ.”

गणिताच्या सरांनी चहाची बशी जरा जोरात ठेवली. नववी अ मध्ये शिकवणीला जाणारी मुलं होती आणि नववी ब मध्ये उरलेली. वर्ग कोणी वाटून दिले हे विचारायची गरज नव्हती. शाळेचे व्यवस्थापक बाबुराव होते आणि पूजा त्यांच्या बहिणीची मुलगी होती.

शाळा गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, मांद्र्याच्या वाटेवरची. रेश्मा तिथं तीन वर्षं लेक्चर बेसिसवर इंग्रजी शिकवत होती. म्हणजे जितके तास तितका पगार, आणि एप्रिल आला की घरी. ती डिचोलीतल्या पाळी गावची. पेडण्यात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या बसनं पाळीला जायची. आता इंग्रजीची एक कायम जागा निघाली होती आणि डेमो तिच्यासाठीच होता. ती मिळाली तर खोली राहणार, शाळा राहणार. नाही मिळाली तर पाळीच्या घरी, वडिलांच्या ट्रकचे जुने टायर ठेवलेल्या ओसरीवर, पुन्हा शिकवण्या. ओसरीवरच्या शिकवण्या तिनं आधी दोन वर्षं घेतल्या होत्या आणि आणखी घ्यायची तिची इच्छा नव्हती.

मंगळवारी तिनं फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘आय नो द मॅन हू ब्रोक द चेअर.’ ‘आय नो हू ब्रोक द चेअर.’

“साईश, या दोन वाक्यांत फरक काय?”

साईश उभा राहिला. उंच, हडकुळा, उत्तर येवो न येवो, बोलायला कधी न लाजणारा मुलगा. “पहिल्यात माणूस आहे, टीचर. दुसऱ्यात नाही.”

“आणि क्लॉज कुठला?”

“दोन्हीत हू आहे. म्हणजे दोन्ही रिलेटिव्ह.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “खुर्ची मी नाय मोडली.”

वर्ग हसला. रेश्मानं पुन्हा समजावलं. पहिल्या वाक्यात क्लॉज आपल्या आधीच्या नामाबद्दल सांगतो, कुठला माणूस ते सांगतो. दुसऱ्यात क्लॉज स्वतःच नामाच्या जागी बसतो, काय माहीत आहे ते सांगतो. तिनं फळ्यावर तक्ता काढला. मुलांनी तक्ता उतरवून घेतला आणि पुढच्या पाचही वाक्यांत जिथं ‘हू’ किंवा ‘दॅट’ दिसलं तिथं रिलेटिव्ह असं लिहिलं.

तिसऱ्या बाकावर गौरवी डोकं टेकून झोपली होती. शेजारणीनं ढोसल्यावर ती उठली आणि म्हणाली, “रिलेटिव्ह.”

“मी अजून विचारलंच नव्हतं,” रेश्मा म्हणाली. “रात्री जत्रेला गेली होतीस?”

“पप्पांचं नाटक होतं, टीचर.”

गौरवीचे वडील प्रशांत दिवसा मांद्र्याच्या एका गेस्टहाउसमध्ये स्वयंपाक करायचे आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारी कंपनीत राणीचं काम करायचे. माणसं मूळची सिंधुदुर्गातली, पण गौरवी जन्मली ती इथंच.

“राणीला काल रडायचं होतं की लढायचं?”

“काल राणीला कामच थोडं होतं. राजाच बोलत राहिला.” गौरवीनं जांभई दाबली. “दूत बाहेर उभा राहून कंटाळला. माझ्याकडनं चणे मागून खाल्ले त्यानं.”

“मग दूत आत का नाही गेला?”

गौरवीनं टीचरकडे जरा काळजीनं पाहिलं. “राजानं हाक मारल्याशिवाय कसा जाईल?”

शाळा सुटल्यावर प्रशांत स्कूटर घेऊन मुलीला न्यायला आले होते. भुवया अजून काळ्या होत्या, रंग नीट निघाला नव्हता. रेश्मानं त्यांना गेटवर गाठलं. मुलगी वर्गात झोपते अशी तक्रार असणार, असं समजून ते आधीच अपराधी चेहऱ्यानं उभे राहिले.

“तक्रार नाही,” ती म्हणाली. “मला राजाबद्दल विचारायचं आहे. तो आल्या आल्या काय बोलतो?”

“मी कोण, ह्या सांगता. माझ्या बापाशीन काय केल्यान, माझी नगरी खंयची, मी कोणाकोणाक हरवलंय. आमच्यात लिवलेला काय नसता, टीचर. पेटीवाले बुवा संध्याकाळी कथा सांगतत, मगे ज्येका सुचात तसा त्येणा बोलायचा.”

“आणि हे सगळं बोलला नाही तर? नुसता ‘मी राजा’ म्हणाला तर?”

“तरी राजा तो राजाच. मुकुट असता ना डोक्यार.”

“आणि दूत?”

“दूत बातमी आणता. महाराज, वार्ता अशी की, शत्रू येशीर इलो.”

“दूतानं बातमीच नाही सांगितली तर?”

प्रशांतना हसू आलं. “मगे तो कित्याक इलो?”

रेश्मानं ‘राजा’ आणि ‘दूत’ हे दोन शब्द तळहातावर लिहून घेतले. मग म्हणाली, “आणि राजानं हाक मारायच्या आधीच तो आत आला तर?”

“तर तो दूत न्हय, पावणो.” प्रशांतनी स्कूटर चालू केली. “आणि तसा काय झाला तर आमचे बाबुराव सोडूचे नाय. पैल्या बाकार बसतत. चूक दिसली की थंयच्या थंय बोलतत. एकदा माका म्हणाले, राणी, पदर सांभाळ.”

“पप्पा, चला,” गौरवी म्हणाली.

बुधवारी रेश्मानं तक्ता पुसला आणि फळ्याच्या एका बाजूला राजा लिहिलं, दुसऱ्या बाजूला दूत. राजा येतो आणि आपण कुठले राजे ते सांगतो. ते सगळं काढून टाकलं तरी राजा उभाच राहतो. तो रिलेटिव्ह क्लॉज. दूत येतो आणि बातमी सांगतो. ती बातमी काढली तर दूत तोंड उघडं ठेवून उभा. वाक्य लंगडं होतं. तो नाउन क्लॉज. मग तिनं कालचं खुर्चीचं वाक्य पुन्हा लिहिलं आणि साईशला विचारलं.

साईशनं ‘हू ब्रोक द चेअर’ हाताच्या पंजानं झाकून पाहिलं. पहिल्या वाक्यात ‘आय नो द मॅन’ उरलं. दुसऱ्यात नुसतं ‘आय नो’.

“पहिला राजाचा,” तो म्हणाला. “दुसरा दूताचा. आय नो काय? पुढं काहीच नाही.” आणि बसता बसता, “खुर्ची तरीपण मी नाय मोडली.”

त्या दिवशी नववी ब नं नऊ वाक्यांतली आठ बरोबर ओळखली. डेमोच्या दिवशी याचंच नाटक करायचं ठरलं. राजा कोण, यावर वाद झालाच नाही. गौरवीला दशावतारातला राजा चालतो कसा, वळतो कसा, सगळं पाठ होतं.

“घरात बापूस राणी आणि चेडू राजा,” साईश म्हणाला.

“तू दूत,” गौरवी म्हणाली. “भायर उभा राव.”

“राजा खूश झाला तर गळ्यातला हार काढून दूताला देतो. मला काय देणार?”

“बातमी चांगली आणलीस तर बघू.”

गुरुवारी तालीम झाली. गौरवी खुर्चीवर बसून इंग्रजीत तीन वाक्यं म्हणाली, रेश्मानं दाराकडे बघून ‘मेसेंजर, कम इन’ म्हटलं, साईश आला, शत्रूनं तेरेखोलची नदी ओलांडल्याची बातमी दिली आणि संपलं. सगळं मिळून पाच मिनिटं.

तालमीनंतर विनोदिनीबाई तिला म्हणाल्या, “पणजीहून विषयतज्ज्ञ म्हणून पद्मावतीबाई येतायत. त्यांचं एक लक्षात ठेव. मुलांना काम दिलं की शिक्षकानं हाताची घडी घालून उभं राहायचं. मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत त्यांनी तेवढ्यावरून गुण कापले. आणि मुलांच्या तोंडी मराठी शब्द नको.”

शेवटच्या तासाला रेश्मानं हे मुलांना सांगितलं. मी मध्ये बोलणार नाही, दूताला राजानंच बोलवायचं, आणि फक्त इंग्रजी. गौरवीनं मान हलवली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं बससाठी पळाली.

शुक्रवारी पूजाचा डेमो आधी झाला. नववी अ मधून बाहेर पडलेली मुलं म्हणाली की चांगला झाला. पूजा वाईट शिकवत नव्हती. प्रोजेक्टरवर रंगीत बाण होते आणि सगळी उत्तरं बरोबर आली होती.

मग नववी ब. मागच्या भिंतीला तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत पद्मावतीबाई, मांडीवर कागद, हातात उघडं पेन. एका बाजूला विनोदिनीबाई, दुसऱ्या बाजूला बाबुराव. बाबुरावांची काजूची बाग होती, आवाज मोठा होता आणि त्या दिवशी चेहरा असा होता की निकाल घरून लागून आला आहे.

पहिला भाग ठीक गेला. रेश्मानं राजा आणि दूत समजावला, झाकून बघायची रीत दाखवली, मुलांनी वाक्यं सोडवली. पद्मावतीबाई एकदाही हसल्या नाहीत, पण लिहीत होत्या. मग दरबार सुरू झाला. साईश दाराबाहेर गेला. रेश्मा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी राहिली. गौरवी विनोदिनीबाईंची सत्कारात मिळालेली लाल शाल पांघरून आली, दोन पावलं पुढं, एक गिरकी, आणि खुर्चीसमोर थांबली.

“आय ॲम द किंग हू रूल्स पेडणे,” ती म्हणाली. “आय ॲम द किंग हू बिल्ट द फोर्ट दॅट स्टँड्स ॲट तेरेखोल. आय ॲम द किंग हू इज नॉट अफ्रेड.”

ही तालमीतली तीन वाक्यं. यानंतर दूत यायचा. गौरवीनं दाराकडे पाहिलं. दार जरासं उघडं होतं आणि फटीतून साईशचा बूट दिसत होता. बूट हलला नाही.

गौरवीनं रेश्माकडे पाहिलं. रेश्माला त्या क्षणी कळलं की काल बससाठी पळताना या मुलीला काय विचारायचं होतं. दूताला राजा हाक मारतो ती मराठीत. ती इंग्रजीत कशी मारायची हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘कम इन’ तिला येत होतं. पण ‘कम इन’ टीचर म्हणतात, राजा नाही.

रेश्मानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पद्मावतीबाई तिच्याकडेच पाहत होत्या.

गौरवीनं तेच केलं जे तिनं शंभर वेळा बघितलं होतं. दूत येईपर्यंत राजा बोलतो. ती बोलत राहिली.

“आय ॲम द किंग हू हॅज टेन एलिफंट्स दॅट ईट ओन्ली पोई.” हत्ती गव्हाचा गोल पाव खातात हे ऐकून वर्गात खसखस पिकली. “आय ॲम द किंग हू कम्स बाय द बस दॅट इज ऑलवेज लेट. आय ॲम द किंग हू हॅज अ क्वीन हू इज ऑल्सो माय फादर.”

विनोदिनीबाईंनी रुमाल तोंडाला लावला. पद्मावतीबाईंनी कागदावर रेघा मारायला सुरुवात केली, प्रत्येक क्लॉजला एक. रेश्माला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. तास संपायला थोडाच वेळ होता आणि नाउन क्लॉज दाराबाहेर उभा होता. अर्धाच विषय झाला असं कागदावर लिहिलं जाणार, एप्रिल येणार, आणि ओसरीवरचे टायर बाजूला करून सतरंजी घालायची वेळ येणार.

“आय ॲम द किंग हू...” गौरवी म्हणाली आणि अडखळली. तिचं सगळं राज्य संपत आलं होतं. तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं. बुटाच्या जागी आता दोन्ही बूट होते. साईश आत यायला तयार होता, पण येत नव्हता. पावणा म्हणून त्याला यायचं नव्हतं.

मागच्या भिंतीशी बाबुराव केव्हापासून चुळबुळ करत होते. आधी त्यांनी एक पाय हलवला, मग दोन्ही. मग ते खुर्चीत पुढं सरकले, गुडघ्यांवर हात ठेवले, राजाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा राजाकडे पाहिलं. आणि मग जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

“कोण आहे रे तिकडे?”

दार धाडकन उघडलं आणि साईश आत आला. इतका वेळ बाहेर उभं राहून तो सगळं ऐकत होता. तेरेखोलच्या नदीची बातमी आता जुनी वाटत होती. त्यानं कमरेत वाकून मुजरा केला.

“युवर मॅजेस्टी,” तो म्हणाला, “पीपल से दॅट द किंग टॉक्स टू मच.”

वर्ग हशानं फुटला. गौरवीनं हात वर करून तो गप्प केला. शाल खांद्यावरून मागं टाकली.

“ब्रिंग मी,” ती म्हणाली, “द मॅन हू सेड इट.”

यावर बाबुरावांनी मांडीवर थाप मारली. मग आजूबाजूला पाहिलं आणि हात मांडीवरून उचलून घेतला.

पद्मावतीबाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि रेश्माच्या हातातून खडू घेतला. त्यांनी दोन वाक्यं लिहिली. दूतानं आणलेल्या बातमीनं राजा चिडला: ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट मेड द किंग अँग्री.’ राजा फार बोलतो या बातमीनं लोक खूश झाले: ‘द न्यूज दॅट द किंग टॉक्स टू मच मेड द पीपल हॅपी.’

“दोन्हींत दॅट,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “दोन्हींत न्यूजच्या मागून. दोन्ही झाकले तरी वाक्य उभं राहतं. मग दोन्ही राजाचेच का?”

हे रेश्मानं शिकवलं नव्हतं. नववीला एवढं लागत नाही म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. साईश अजून दूताच्या जागीच उभा होता. त्यानं फळ्याकडे पाहिलं, स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“फर्स्ट वन, विच न्यूज,” तो म्हणाला. “आय ब्रॉट इट. बट व्हॉट न्यूज, नोबडी नोज. सेकंड वन इज द न्यूज ओन्ली, टीचर. दॅट इज व्हॉट आय केम टू से.”

“मग?”

“फर्स्ट किंग. सेकंड मेसेंजर.”

पद्मावतीबाईंनी खडू ठेवला. घंटा झाली.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिघं बसली. कँटीनमधून पातळ भाजी आणि पाव आला. पद्मावतीबाईंनी पावाला हात लावायच्या आधी गुणांचा कागद पुढं ओढला.

“बाबुराव, दुसऱ्या डेमोचे तुमचे गुण मी घेणार नाही. आणि दुसऱ्याचे नाहीत म्हणजे पहिल्याचेही नाहीत.”

“कित्याक?”

“तुम्ही नाटकात काम केलंत. काम करणारा परीक्षक नसतो.”

“बाई, राजा हाकच मारीना. तो पोरगा दाराआड ताटकळत उभा. मी काय करणार?”

“काय करायला हवं होतं ते मी विचारत नाही. काय केलंत तेवढंच लिहितेय.”

बाबुरावांनी विनोदिनीबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. बाबुरावांनी पावाचा तुकडा भाजीत बुडवला, तो तिथंच विसरले आणि म्हणाले, “बहिणीक आता काय सांगू?”

“पूजानं चांगलं शिकवलं म्हणून सांगा,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “खरंच शिकवलं. फक्त मामाला गप्प बसवलं नाही म्हणावं.”

“माका गप्प बसणं जमता कधी?” बाबुराव म्हणाले आणि भाजीत मऊ झालेला पाव चमच्यानं बाहेर काढायला लागले. “पण पोर राजा बरो करता. बापाशीपेक्षा बरो.”

पद्मावतीबाई आणि विनोदिनीबाई, दोघींचेच गुण धरून बेरीज झाली. निकालाची बातमी शनिवार-रविवार कुणालाच दिली नाही. रेश्मा पाळीला गेली. आईनं विचारलं तर म्हणाली, अजून कळलं नाही. वडील ओसरीवर बसून टायरांकडे पाहत म्हणाले, “हे विकून टाकू की ठेवू, तेवढं तरी सांग.” ती म्हणाली, “सोमवारी सांगते.”

सोमवारी तिसऱ्या तासाला नववी ब मध्ये ती धडा वाचत होती. दाराशी सावली पडली. बाबुराव उभे होते. स्वच्छ धुतलेला शर्ट, चपला दाराबाहेर काढलेल्या.

“या ना, सर,” रेश्मा म्हणाली.

बाबुराव आत आले नाहीत. ते तिच्याकडे पाहतही नव्हते. ते तिसऱ्या बाकाकडे पाहत होते. वर्गातल्या मुलांना आधी कळलं, रेश्माला मागून. गौरवी उठली, पुस्तक मिटलं आणि बाकाबाहेर आली. आज फक्त इंग्रजी असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

“कोण आहे रे तिकडे?”

बाबुराव आत आले. राजासमोर थांबून त्यांनी कमरेत वाकून मुजरा केला, तोही साईशपेक्षा खाली.

“महाराज, वार्ता अशी आहे की, ज्या बाईंनी शुक्रवारी ह्या दरबारात डेमो दिला, त्यांचीच नेमणूक कायम झाली. खात्याची मंजुरी यायची आहे. ती येईल.”

वर्गात एकदम इतका आवाज झाला की शेजारच्या नववी अ चे सर दारात येऊन उभे राहिले. रेश्मा टेबलाला टेकली. तिनं पुस्तक उघडलं, मिटलं, आणि पाळीला फोन करायला मधली सुट्टी किती लांब आहे ते घड्याळात पाहिलं.

बाबुराव मात्र हलले नव्हते. ते मान खाली घालून उभेच होते. दूतानं चांगली बातमी आणली होती आणि पुढं काय असतं ते त्यांना माहीत होतं. गौरवीला एक क्षण लागला. मग तिनं गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र रिबनीसकट काढलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं.

“मला शुक्रवारी काय नाही दिलं,” साईश मागून म्हणाला.

“तुझी बातमी वाईट होती,” गौरवी म्हणाली.

बाबुराव मुजरा करून, पाठ न दाखवता, मागं मागं सरकत दाराबाहेर गेले. चपला घातल्या आणि व्हरांड्यातून ऑफिसकडे चालू लागले. छातीवर ओळखपत्र हलत होतं. त्यावर गौरवीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, इयत्ता नववी, तुकडी ब. ते शाळा सुटेपर्यंत त्यांनी काढलं नाही.